आषाढाचा हिशेब

घरावर सौरवीज बसवायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती किलोवॅटची लागेल?’ उत्तरही ठरलेलं. आपल्याकडे वर्षातले 300 दिवस ऊन, 1 किलोवॅटच्या पॅनेलांतून दिवसाला सरासरी 4 युनिट, तुमचा खप 4 युनिट, म्हणजे 1 किलोवॅट पुरे. जोडीला एक बॅटरी आणि इन्व्हर्टर. हा हिशेब अगदीच टाकाऊ नाही. महावितरणची तार घरात आलेली असेल तर तो चालतो, कारण सरासरीपेक्षा कमी पडलेल्या दिवसांचा खड्डा तार भरून काढते. तारच नसेल तर ती सरासरी घेऊन करायचं काय? जुलैतल्या रात्री दिवा लावायला मे महिन्यातलं ऊन उपयोगी पडत नाही. कोकणातलं घर आगोटीला तांदूळ, कडधान्य, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवतं आणि पावसाळा निभावून नेतं. विजेची तशी बेगमी होत नाही. घरगुती बॅटरीत फार तर दोन-तीन दिवसांची वीज मावते, तीही हात आखडून वापरली तर.

म्हणून तारेशिवाय राहणाऱ्या घराचा आराखडा वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यावरून करायचा. या पुस्तकाच्या पुढच्या सगळ्या प्रकरणांत हीच एक गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी येते: पॅनेल किती, ती कुठल्या कलाने बसवायची, बॅटरी कुठली, पंपाचं काय करायचं, आणि झड लागली की घरातलं कुठलं बटण आधी बंद करायचं.

त्याआधी काही वाचकांना दारातूनच परत पाठवायचं आहे. घराजवळ विजेचा खांब असेल, किंवा परवडेल एवढ्या खर्चात तो येऊ शकत असेल, तर जोडणी घ्या आणि छपरावर तारेला जोडलेली सौरयंत्रणा बसवा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि ते तारेला जोडलेल्या यंत्रणेलाच मिळतं. वीज कंपनीला कायमचा रामराम ठोकण्याची हौस मी समजू शकतो. बिल हातात आलं की ती कुणालाही होते. पण ती हौस महाग आहे. दुपारची जास्तीची वीज तारेवर सोडायची आणि रात्री परत घ्यायची, याला साठवणुकीचा खर्च नसतो. तीच वीज स्वतःच्या बॅटरीत ठेवायची तर प्रत्येक युनिटमागे बॅटरीच्या झिजेचे पैसे मोजावे लागतात.

तारेला जोडलेल्या यंत्रणेबद्दल एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. छपरावर पॅनेल बसली म्हणजे आता लोडशेडिंगची चिंता मिटली, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात बॅटरी नसलेली अशी यंत्रणा वीज गेली की त्याच क्षणी बंद पडते, भर दुपारी बारा वाजतासुद्धा. हा दोष नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला कुणाच्या तरी छपरावरून उलट आलेल्या विजेने झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टरला तसं वागायला लावलेलं असतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. अशा वेळी नुसत्या पॅनेलांचा काडीचा उपयोग नसतो. ज्यांची तार अशी वरचेवर तुटते त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: जोडणी ठेवायची आणि बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवायचा. त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं, मात्र बॅटरी निम्म्या मापाची धरून.

उरतात ते ज्यांच्यापर्यंत तार पोचलेली नाही किंवा पोचणारच नाही असे लोक. 28 एप्रिल 2018 ला देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. त्या हिशेबात गावातल्या 10 टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत धरलं जाई. राहिलेल्या घरांत सह्याद्रीच्या कपारीतले धनगरवाडे होते, धरणाच्या फुगवट्यापलीकडे अडकलेल्या वस्त्या होत्या, अक्कलकुवा-धडगावकडचे पाडे होते. सौभाग्य योजनेत अशा दुर्गम घरांसाठी 200 ते 300 वॅटचा सौरसंच ठरवला गेला: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. रॉकेलच्या चिमणीपेक्षा हे शतपटीने बरं, यात शंका नाही. पण ज्याने तो संच ठरवला त्याच्या मनात घर म्हणजे चार तासांचा उजेड एवढंच होतं. त्या घरातल्या पोराला पुढे मोबाइल, टीव्ही आणि फ्रिज लागणार आहे.

मागणी वाढते हे लक्षात न घेतल्याने काय होतं त्याचं उदाहरण बिहारमधल्या धरनई गावाचं. 2014 मध्ये ग्रीनपीसने तिथे 100 किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभारला, देशभर गाजावाजा झाला. लोकांना फ्रिज, हीटरसारखी जास्त वीज खाणारी उपकरणं लावू नका असं सांगावं लागलं, आणि गावकऱ्यांनी ‘असली बिजली’ द्या, ‘नकली’ नको, अशी मागणी सुरू केली. लवकरच तार आली. पुढे काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या आणि प्रकल्प बंद पडला. सूर्याने त्यात काही कमी केलं नव्हतं. आराखडा करणाऱ्यांनी गावाची भूक मोजली ती त्या दिवसाची, पाच वर्षांनंतरची नाही. घराच्या बाबतीतही हेच घडतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. तारेशिवाय राहण्यावर इंग्रजीत उत्तम पुस्तकं आहेत, बहुतेक अमेरिकेतली, कॅनडातली, युरोपातली. त्यांतला अभ्यास पक्का आहे, पण त्यांचा वाईट महिना डिसेंबर. तिथे हिवाळ्यात दिवस आठ-नऊ तासांवर येतो, सूर्य क्षितिजालगत फिरतो, बर्फ पडतो. म्हणून ती पुस्तकं सांगतात की पॅनेल चांगली उभी करा, अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्तच कल द्या. आपल्याकडचे तंत्रज्ञही तेच पाठ करून येतात. रत्नागिरीत डिसेंबर म्हणजे निरभ्र आकाश, अकरा तासांचा दिवस आणि थंड हवा. पॅनेलांसाठी हा चांगलाच महिना. आपला वाईट महिना जुलै, आणि त्याच्या खालोखाल ऑगस्ट. त्या वेळी सूर्य कुठे असतो? थेट डोक्यावर. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सावली पायाखाली नाहीशी होते. मधले अडीच महिने दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. शिवाय तो दिसतो कुठे? उजेड येतो तो सगळ्या ढगाळ आभाळातून सारखा विखरून. दक्षिणेकडे तोंड करून ताठ उभ्या केलेल्या पॅनेलाला निम्मं आभाळच दिसत नाही. तेव्हा कोकणात आणि घाटमाथ्यावर कल 10 अंशांच्या आसपास ठेवावा असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरात त्यामुळे थोडी वीज कमी मिळेल, पण डिसेंबरात तिची ददात नसते. 10 अंशांच्या खाली मात्र जाऊ नये. पाणी निथळत नाही, खालच्या चौकटीशी माती साचते, तिच्यावर शेवाळ धरतं आणि पॅनेलची तळातली ओळ हळूहळू आंधळी होते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी, बारमाही राहणारं चार माणसांचं कुटुंब. सहा एलईडी दिवे, प्रत्येकी 9 वॅटचे, पाच तास: पाव युनिट. बीएलडीसी मोटरचे 30 वॅटचे तीन पंखे दहा तास: 0.9 युनिट (जुने 75 वॅटचे असते तर सव्वादोन युनिट झाले असते, म्हणून पंखे बदलणं हा पहिला खर्च). साधा एक दाराचा फ्रिज 0.6. टीव्ही 0.14. राउटर, लॅपटॉप आणि फोन मिळून अर्धं युनिट. मिक्सर दहा मिनिटं, 0.1. वॉशिंग मशीन अर्धा तास, 0.18. विहिरीवरचा 1 अश्वशक्तीचा पंप अर्धा तास, 0.55. बेरीज 3.2 युनिट. लोक इथे थांबतात. पण इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. घरात एकही बटण चालू नसताना मोठा इन्व्हर्टर 40 वॅट, कधी त्याहून जास्त, पीत बसलेला असतो, चोवीस तास. म्हणजे दिवसाला जवळजवळ 1 युनिट, फ्रिजपेक्षा जास्त! कंपनीच्या चकचकीत पत्रकात हा आकडा अगदी बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. तो विचारून घ्यावा. एकूण खप झाला 4.2 युनिट.

या घराला दुकानदार 550 वॅटची दोन पॅनेल सुचवील. वार्षिक सरासरीच्या हिशेबाने ते बरोबर आहे. जुलैत कोकणात दिवसाला पूर्ण उन्हाचे तास (दिवसभरातलं सगळं ऊन भर उन्हाच्या तासांत मोजून) सरासरी साडेतीनच्या आसपास धरावेत, बॅटरी, वायर आणि इन्व्हर्टरमधली गळती 30 टक्के. दोन पॅनेलांतून हातात येतात 2.7 युनिट. पण सरासरी इथेही फसवते, कारण पाऊस सरासरीने पडत नाही. पुनर्वसू-पुष्याची झड लागली की पाच-सहा दिवस आभाळ उघडत नाही आणि पूर्ण उन्हाचे तास एक-सव्वावर येतात. त्या दिवशी दोन पॅनेल देतात 0.9 युनिट. इन्व्हर्टरचं पोट कसंबसं भरतं. घराच्या वाट्याला शून्य.

इथे बहुतेकांना सुचतं ते मोठी बॅटरी घेणं. सुचतं ते साहजिक, पण चूक. बॅटरी वीज तयार करत नाही. झडीत ती भरायला वीजच नसते, मग 5 युनिटची जागा 10 युनिटच्या बॅटरीने घेतली तर अंधार दोन दिवस उशिरा पडतो, एवढाच फरक. तेच पैसे पॅनेलांत घाला. गेल्या पंधरा वर्षांत पॅनेल इतकी उतरली आहेत की 5 युनिटच्या एका लिथियम बॅटरीच्या पैशांत चार-सहा पॅनेल सहज येतात. आपल्या घरावर दोनऐवजी सहा पॅनेल, म्हणजे 3.3 किलोवॅट, लावली तर त्याच झडीत 2.8 युनिट मिळतात. पंखे झडीत लागत नाहीत, कपडे धुऊन वाळायचे नसतातच, पंप एक दिवसाआड चालवला की भागतं. खप पावणेतीनच्या आसपास येतो. घर चालत राहतं, बॅटरी जशीच्या तशी. उन्हाळ्यात या सहा पॅनेलांची निम्म्याहून जास्त वीज फुकट जाईल. जाऊ द्या. फार जिवावर आलं तर एप्रिल-मेमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक करा, बागेला पाणी द्या. पावसाळ्यात मात्र शेगडी गॅसची आणि आंघोळीचं पाणी बंबात. 2 किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात 1 युनिट गिळतो, त्याला या घरात जागा नाही.

बॅटरीचा प्रकार निवडतानाही आषाढच निकाल देतो. लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेने 1859 मध्ये बनवली. आपल्या इन्व्हर्टरखाली जी ट्यूब्युलर असते ती तिचीच वंशज. 150 अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या कागदावर 7.2 युनिटच्या, पण त्या निम्म्याच्या खाली उतरवू नयेत, म्हणजे हाताशी 3.6. तिची खरी अडचण वेगळी आहे. ती वरचेवर पूर्ण भरली गेली नाही की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि क्षमता कायमची घटते. पावसाळ्यात नेमकं हेच होतं, ती आठवड्यामागून आठवडे अर्धवट भरलेली राहते. ‘पहिल्या पावसात ठीक होती, दुसऱ्या गणपतीला बसली’ ही तक्रार वाडीवाडीत ऐकू येते ती यामुळे. लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार 1997 मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर पहिलं नाव अक्षय पाधी या भारतीय संशोधकाचं आहे. ही बॅटरी अर्धवट भरलेली राहिली तर तिला काही होत नाही, उलट तिला तेच मानवतं. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाचा एक डबा म्हणजे 5.1 युनिट, त्यातले साडेचार वापरता येतात, आणि रोज भरली-उपसली तरी ती दहाएक वर्षं चालावी अशी अपेक्षा ठेवता येते.

तरी लेड-ॲसिडला सरसकट मोडीत काढायला मी तयार नाही. ती बिघडली तर तालुक्याच्या बाजारात दुरुस्त करणारा भेटतो, आणि मेली तरी भंगारात तिला भाव येतो. लिथियमच्या डब्यात तिचं रक्षण करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते रुसलं की चांगले सेल आत असूनही डबा म्हणजे नुसतं वजन, आणि तो कुरिअरने कंपनीकडे जाऊन परत येईपर्यंत महिना उलटतो. म्हणून लिथियम घेताना वॉरंटीच्या वर्षांपेक्षा दुरुस्ती करणारा माणूस किती तासांच्या अंतरावर आहे ते विचारावं. आणि लेड-ॲसिड घेताना क्षमता सी10 दराने, म्हणजे दहा तासांत उपसण्याच्या हिशेबाने, लिहिलेली आहे का ते पाहावं. साध्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर सी20 चा आकडा असतो, तो कागदावर मोठा दिसतो.

बॅटरीत किती वीज उरली हे कळण्याचा प्रश्न लिथियममध्ये जरा अवघड होतो. लेड-ॲसिडचं व्होल्टेज उतरत जातं, त्यावरून अंदाज येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट 80 टक्के भरलेली असो की 40, व्होल्टेज एखाद्या व्होल्टच्या आतच हलतं. इन्व्हर्टरच्या पडद्यावरच्या चार दांड्या बहुधा व्होल्टेजवरूनच पेटतात, त्यामुळे तीन दांड्या दिसत असताना अचानक अंधार होतो. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंट लावलेला मीटर घ्यावा. एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ आहे. अशाच एका घरात मी ओटीवरचं कालनिर्णय पाहिलं होतं. दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब जिथे लिहितात त्याच चौकोनांत घरच्या वहिनी रोज दोन आकडे टाकत: सकाळी सातला बॅटरी किती टक्के, संध्याकाळी सहाला किती. ‘38–61’, ‘35–52’, ‘29–44’. तीन दिवस सकाळचा आकडा उतरताना दिसला की त्या दिवशी वॉशिंग मशीनला सुट्टी. कुठल्याही मोबाइल ॲपपेक्षा ही पद्धत मला भरवशाची वाटते, कारण निर्णय घेणारी व्यक्तीच आकडा लिहीत असते.

मग गणपती. आराखडा करताना हा सण विसरणाऱ्याला कोकण माहीत नाही असं खुशाल समजावं. पाऊस पुरता गेलेला नसतो, बॅटरी दोन महिने अर्धपोटी असते, आणि मुंबईहून चाकरमानी येतात. चार माणसांच्या घरात पंधरा माणसं. पंप दिवसातून तीनदा, मिक्सर तासभर, सगळ्यांचे फोन, रात्रभर आरास आणि भजन. खप दहा युनिटवर जातो, तोही नेमका पाच-सात दिवस. या पाच-सात दिवसांसाठी बॅटरी दुप्पट करणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. लहानसा 2 किलोवॅटचा जनरेटर ठेवा, झडीत आणि गणपतीत मिळून वर्षाकाठी दहा-बारा दिवस तो दोन-दोन तास चालवून बॅटरी भरून घ्या. सौरघरात पेट्रोलचा वास आला की काहींना पाप घडल्यासारखं वाटतं. हिशेब मात्र त्याच्याच बाजूने आहे.

पंपाबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं, कारण घरातले पुष्कळ इन्व्हर्टर पंपापायीच जळतात. 1 अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण 1100 वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढते. तो झटका 3 केव्हीएच्या इन्व्हर्टरला सोसत नाही. पंपाला मोटर हळू सुरू करणारा ड्राइव्ह लावावा, किंवा त्याची पॅनेल आणि कंट्रोलर वेगळेच ठेवावेत आणि पाणी दिवसाउजेडी टाकीत चढवावं. रात्री नळ सोडायला वीज लागत नाही.

जोडणीच्या कामात चालढकल खपत नाही. पुष्कळ घरांत यंत्रणेची सुरुवात जुन्या 12 व्होल्टच्या इन्व्हर्टरने होते आणि तीच ताणत नेली जाते. 1200 वॅट 12 व्होल्टवर न्यायचे तर वायरमधून 100 अँपिअर वाहतात, 48 व्होल्टवर 25; तीच वायर असेल तर गळती सोळा पटींनी कमी. किलोवॅटच्या पुढे जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून 48 व्होल्टच धरा. पॅनेलांकडून येणारी वीज डीसी असते. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीची विझत नाही, ती कमान धरून जळत राहते. घरातला साधा एमसीबी त्या बाजूला बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण; डीसीसाठीचाच घ्यावा. आणि पॅनेल दिवसा बंद करता येत नाहीत, उजेड आहे तोवर त्यांच्या टोकांना वीज आहे, हे जोडणाऱ्याने विसरू नये.

कोकणाच्या काही अडचणी कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाहीत. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग धड लागत नाही, आणि वैशाखात व परतीच्या पावसात विजा कोसळतात त्या सड्यावरच. खड्डा खोल घ्या, गरज पडली तर दोन-तीन घ्या आणि एकमेकांना जोडा. घर आंब्या-फणसाच्या सावलीत आणि कौलारू. 28 किलोचं एक पॅनेल असं जुन्या वाशांवर सहा पॅनेल चढवण्यापेक्षा खळ्यात किंवा मोकळ्या दळ्यात लोखंडी मांडव घालावा. लोखंड गरम झिंकमध्ये बुडवलेलं हवं, नुसता रंग दिलेलं दोन पावसाळ्यांत गंजतं, किनाऱ्यालगत त्याहूनही लवकर. माडाखाली पॅनेल लावू नये हे सांगायला नको, तरी लावतात. वानरांची टोळी उड्या मारून गेली की काच शाबूत दिसते पण आतल्या सेलला केसाएवढ्या चिरा जातात. आणि इन्व्हर्टरच्या जाळीतून आत शिरून सर्किटवर मरून पडलेली पाल हे बंद पडलेल्या इन्व्हर्टरचं इतकं नेहमीचं कारण आहे की वायरमन झाकण उघडण्याआधीच सांगतो. बारीक जाळी लावा, हवा मात्र अडू देऊ नका.

विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना इथवर सगळा पाऊसच वाचायला मिळाला. त्यांची गोष्ट सोपी आहे. तिथे जुलैही इतका कोरडा पडत नाही विजेच्या बाबतीत, उघडीप मिळत राहते, त्रास उन्हाळ्याचा. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेलची शक्ती सुमारे 0.35 टक्क्याने घटते. मेमधल्या नागपुरात छपरावरचा सेल 65 अंशांवर जातो, म्हणजे 14 टक्के शक्ती गेली. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर 10 अंशांना निम्मं होतं. तेव्हा पॅनेलांखालून वारा वाहू द्यावा, बॅटरी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवावी आणि धूळ आठवड्याला पुसावी. कूलर भर दुपारी लागतो, तेव्हाच वीजही भरपूर असते, ही तिकडची चैन.

पुस्तकात किमतींचे तक्ते दिलेले नाहीत. छापून होईपर्यंत ते जुने होतात. मापं, सूत्रं आणि जिल्हावार महिन्याच्या उन्हाचे आकडे दिले आहेत, ते टिकतील. हिशेबाला साधं कॅल्क्युलेटर पुरतं. ज्यांना बेरीज-गुणाकाराचाही कंटाळा आहे त्यांच्यासाठी कोरे तक्ते शेवटी जोडले आहेत.

वाचकांना एक विनंती. उपग्रहावरून काढलेले उन्हाचे आकडे मोठ्या पट्ट्यांचे असतात. एका डोंगराच्या या आणि त्या अंगाला जुलैत किती फरक पडतो हे त्यातून कळत नाही. ज्यांच्या घरी पॅनेल आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी दिवसभरात किती युनिट तयार झाले तेवढा एक आकडा वहीत किंवा कालनिर्णयावर टिपून ठेवावा, सोबत पॅनेलांचे वॅट, कल आणि गावाचं नाव लिहावं, आणि चार महिन्यांची नोंद प्रकाशकांकडे पाठवावी. पुढच्या आवृत्तीतले पावसाळ्याचे तक्ते त्या नोंदींवरून सुधारले जातील.